झाडं सगळ्यात शेवटी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेले काही आकडे इथे भरले आहेत.)



संयोजकांनी फोन करून विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, "आमच्या ऑफिसची जुनी इमारत." पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग उत्तर आलं, "अगं, एआयवर बोल ना काहीतरी. लोकांना आवडेल." एआयवर बोलणारे हल्ली प्रत्येक लग्नात भेटतात. जुन्या इमारतीवर बोलणारं कुणी भेटत नाही, आणि आज आपल्यासमोर एका जुन्या इमारतीचा प्रश्न आहे. त्याकडे मी शेवटी येते. त्याआधी एका चुकीची गोष्ट सांगते. चूक माझीच आहे, त्यामुळे मोकळेपणानं सांगता येईल.

मी पुण्यात ज्या इमारतीत काम करते ती चार मजली आहे, ऐंशीच्या दशकातली, म्हणजे जवळजवळ आपल्याच वयाची. तिची मूळची रचना बरी असावी. मधोमध हवा खेळायला एक उभी डक्ट, जिन्याला जाळी, खोल्यांना खिडक्या. पुढे केव्हातरी "आधुनिक" दिसावी म्हणून पश्चिमेच्या अख्ख्या भिंतीला निळी काच लावली, खिडक्या सील केल्या आणि डक्टमध्ये जुने एसी, मोडक्या खुर्च्या आणि कबुतरं भरली. दुपारी चारनंतर पश्चिमेकडच्या रांगेतली माणसं लॅपटॉप उचलून पूर्वेला येऊन बसायची. डोकं जड व्हायचं. आम्ही समजायचो, कामाचा ताण आहे.

२०२२ साली, कोविडनंतर लोक ऑफिसला परत यायला लागले तेव्हा मालकांनी सांगितलं, "ही इमारत पुरे झाली. शहराबाहेर नव्या काचेच्या टॉवरमध्ये जागा बघतोय." ऐकायला छान होतं. पण आमच्याकडचे निम्मे लोक बसनं किंवा सायकलनं येणारे. हाउसकीपिंगच्या दोन मावशी आणि चहा करणाऱ्या काकू तर मागच्याच वस्तीत राहणाऱ्या. त्या काही वीस किलोमीटर लांब येणार नव्हत्या, आणि त्यांना तिथे कुणी बोलावणारही नव्हतं. आम्ही काहीजण मालकांकडे गेलो. त्यांनी एक वर्ष दिलं. म्हणाले, "एवढ्या काळात ही जागा बसण्यासारखी करून दाखवा. नाही जमलं तर सामान बांधायचं." समितीत मला घेतलं, कारण मला "डेटा कळतो."

मला तेव्हा एकच उदाहरण ठाऊक होतं, आणि ते माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. दिल्लीचं नेहरू प्लेस तुम्हाला माहीत असेल. आपल्या लॅमिंग्टन रोडसारखा, कॉम्प्युटरचा बाजार. गर्दी, वायरी, धूर. त्या भागात पहाडपूर बिझनेस सेंटर नावाची ऑफिसांची इमारत आहे. तिच्या मालकांनी, कमल मित्तल यांनी, २००९ साली एका टेड व्याख्यानात तिची गोष्ट सांगितली. जेमतेम चार मिनिटांचं भाषण. दिल्लीच्या हवेची त्यांना ॲलर्जी झाली होती, फुप्फुसांची क्षमता ७० टक्क्यांवर आली होती. मग त्यांनी आपल्या ५०,००० चौरस फुटांच्या, वीस वर्षं जुन्या इमारतीत ३०० माणसांसाठी जवळजवळ १,२०० झाडं ठेवली. मुख्यतः तीन प्रकारची: अरेका पाम, स्नेक प्लांट आणि मनी प्लांट. स्नेक प्लांटला इंग्रजीत "सासूची जीभ" म्हणतात. नाव कुणी दिलं असेल ते आपण समजू शकतो. माणशी खांद्याएवढे चार पाम, कमरेएवढे सहा ते आठ स्नेक प्लांट. डोळ्यांची जळजळ इतर इमारतींपेक्षा ५२ टक्के कमी, डोकेदुखी २४ टक्के कमी, विजेची गरज १५ टक्के कमी, असे आकडे त्यांनी सांगितले. इमारतीला पुढे हरित इमारतींचं प्लॅटिनम मानांकनही मिळालं.

मी ते भाषण किती वेळा ऐकलं असेल! जुनी इमारत, भारतातली, गजबजलेल्या बाजारातली, आणि आत जंगल. आम्हाला हेच करायचं होतं. मी समितीपुढे स्लाइड्स दाखवल्या, टाळ्या घेतल्या आणि आम्ही नर्सरीतून दोनशे कुंड्या आणल्या.

पहिला आठवडा फार सुंदर गेला. सगळ्यांनी फोटो काढले. मी इंजिनियर असल्यामुळे कार्बन डायऑक्साइड मोजणारे तीन मीटर विकत घेतले आणि दर पाच मिनिटांनी नोंद घेणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. बाहेरच्या मोकळ्या हवेत हा आकडा दहा लाखांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. झाडं आणण्याआधी आमच्या मीटिंगच्या खोलीत दुपारी तो अठराशेवर जात होता. झाडं आणल्यावर? अठराशे. मी मीटर बदलून पाहिला. अठराशे. अजून दहा पाम त्या खोलीत ठेवले, इतके की बसायला जागा उरेना. आकडा तिथेच.

मग दिवाळी आली. चार दिवस ऑफिस बंद, दिवे बंद, पाणी नाही. परत आलो तर पाम तपकिरी झालेले. उरलेल्यांना लोकांनी मायेनं इतकं पाणी घातलं, वर बाटलीतलं उरलेलं आणि कपातला चहासुद्धा, की माती सडून चिलटं झाली. लोक स्क्रीनसमोर टाळ्या वाजवत चिलटं मारायला लागले. कुंड्यांखालच्या थाळ्यांत पाणी साचलं आणि डेंग्यूच्या भीतीनं तेही काढायला लागलं. एका सकाळी मी मेलेला पाम ओढत नेत होते तेव्हा आमच्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडं झाडं दारात असत्यात, घरात नसत्यात. आत उजेड कुठंय त्यान्ला?"

त्या रात्री मी जे गणित आधी करायला हवं होतं ते केलं. बाई, तुम्ही नववीला फळ्यावर लिहिलेलं समीकरण आठवतं? प्रकाशसंश्लेषणाचं. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय तुम्ही पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. खुर्चीत बसून काम करणारा माणूस ऑफिसच्या नऊ तासांत सुमारे ३०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो. समीकरणाप्रमाणे तो सगळा झाडांनी घ्यायचा तर त्यातून साधारण २०० ग्रॅम साखर तयार व्हायला हवी. म्हणजे माणशी ठेवलेल्या झाडांचं कोरडं वजन रोज २०० ग्रॅमनं, आठवड्याला किलोभर वाढायला हवं. पाणी धरलं तर त्याच्या कितीतरी पट. आमचा पाम ट्यूबलाइटच्या उजेडात महिन्याला जेमतेम एखादं पान काढत होता. नव्वद माणसांचा श्वास तो कुठे ठेवणार होता? नववीचं गणित. तीस वर्षं खिशात होतं आणि मी ते काढलं नव्हतं.

पुढे वाचत गेले तशी बाकीची गाठ सुटली. "झाडं हवा शुद्ध करतात" या समजुतीचं मूळ १९८९ सालच्या नासाच्या एका अभ्यासात आहे. बी. सी. वुल्व्हर्टन यांनी लहानशा हवाबंद पेट्यांत झाडं ठेवली, त्यात बेंझिन, फॉर्माल्डिहाइड असे वायू सोडले आणि ते कमी होतात असं दाखवलं. प्रयोग खोटा नव्हता. पण तो पेटीतला होता. ऑफिस ही पेटी नाही. दारं उघडतात, फटी असतात, हवा येते-जाते. २०१९ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या कमिंग्ज आणि वेअरिंग या दोघांनी असे १२ अभ्यास, त्यांतले १९६ प्रयोग एकत्र करून पुन्हा हिशेब मांडला. इमारतीत नेहमी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीइतकं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर जमिनीच्या दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. म्हणजे माणसांना बाहेर बसावं लागेल.

मग नेहरू प्लेसची ती इमारत खोटी का? नाही. मी तिच्याबद्दल पुन्हा नीट वाचलं. तिथे बाहेरची हवा आधी पाण्यानं धुतली जाते, गाळण्यांतून जाते, गच्चीवर काचेचं हरितगृह आहे त्यातून फिरते आणि मग आत सोडली जाते. तिथे झाडांच्या मागे एक पूर्ण यंत्रणा आहे, आणि तिची रोज देखभाल होते. झाडांमुळे बाहेरची ताजी हवा कमी लागते, असं त्या भाषणात म्हटलं होतं. ते मला आज पटत नाही. पण आपण सगळ्यांनी, मी धरून, त्या इमारतीतून फक्त कुंड्या उचलल्या. दिसणारी गोष्ट उचलली आणि न दिसणारी सोडून दिली. मित्तल यांचं श्रेय त्यानं कमी होत नाही. जुनी इमारत पाडायची गरज नाही, हे त्यांनी दाखवलंच.

तेव्हा आमची सहा महिने वाया गेलेली समिती पुन्हा बसली. मी उभी राहून सांगितलं की माझं चुकलं. सोपं नव्हतं. पण त्यानंतर काम सरळ झालं, कारण आम्ही क्रम उलटा केला. आधी ऊन, मग हवा, मग यंत्रं आणि झाडं सगळ्यात शेवटी.

ऊन म्हणजे काय ते सांगते. काचेतून ऊन एकदा आत आलं की आतला पडदा फारसं काही करू शकत नाही, कारण उष्णता आत आलेलीच असते. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. आम्ही पश्चिमेच्या काचेपासून दीड फूट बाहेर लोखंडी चौकट उभी केली, तारा ओढल्या आणि खाली जमिनीत मधुमालती लावली. दारात, मावशींनी सांगितलं तसं. वेल चढेपर्यंत हिरवी शेडनेट बांधली. गच्चीवर चायना मोझेक घातलं, फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं, आपल्या आजोबांच्या काळातलं. पांढरं छत ऊन परत फेकतं. एवढं साधं.

गच्चीवर बाग करायची माझी फार हौस होती. स्ट्रक्चरल इंजिनियरनी मला गच्चीवर नेलं आणि तिथेच हिशेब सांगितला. एक फूट जाडीची ओली माती म्हणजे चौरस मीटरला सुमारे पाचशे किलो. अशा गच्च्या माणसांच्या वापरासाठी धरतात त्या साधारण दीडशे किलोच्या हिशेबानं. "मॅडम, बाग होईल, पण चौथ्या मजल्यावर." म्हणजे छतासकट खाली. आम्ही बाग रद्द केली. कोकोपीटच्या हलक्या कुंड्या फक्त तुळयांच्या वर, कडेकडेनं ठेवल्या. स्लॅबच्या आतल्या सळया गंजल्यात का, काँक्रीट कुठे पोकळ झालंय का, हे सगळं आधीच तपासून घेतलं होतं. दोन खांब दुरुस्त करावे लागले. त्यात आमच्या बजेटचा मोठा भाग गेला, आणि त्याचा फोटो काढावासा कुणालाही वाटला नाही.

मग हवा. छतातली फॉल्स सीलिंग उघडल्यावर कळलं की एसीला बाहेरची ताजी हवा देणारी झडप होती. कधीतरी कुणीतरी वीज वाचवायला ती बंद करून वर प्लायवूड ठोकलं होतं. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांचा उच्छ्वास थंड करून पुन्हा घेत होतो. ते प्लायवूड काढलं, गाळणी बसवली. डक्टमधलं भंगार तीन टेम्पो निघालं. तिच्या तोंडावर कबुतरांची जाळी आणि एक एक्झॉस्ट पंखा लावला. सील केलेल्या खिडक्यांपैकी पूर्वेच्या निम्म्या उघडत्या केल्या. त्या आठवड्यात मीटिंगच्या खोलीतला आकडा हजाराच्या खाली आला. एकही झाड न वाढवता.

ताज्या हवेनं काय होतं, यावर हार्वर्डच्या जोसेफ ॲलन यांच्या गटाचा एक प्रयोग आहे, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. चोवीस नोकरदार माणसं, सहा दिवस, एका प्रयोगशाळेतलं ऑफिस. आजची हवा कशी आहे, हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. रोज निर्णय घेण्याच्या क्षमतेची चाचणी. रसायनं कमी असलेल्या हवेत गुण ६१ टक्क्यांनी वाढले. ताजी हवा आणखी वाढवली तेव्हा दुपटीवर गेले. माणसं चोवीसच होती, म्हणून मी त्या आकड्यांवर पैज लावणार नाही. पण दुपारी चारला डोकं जड होतं ते आळसामुळेच असं नाही, एवढं मला कळलं. टीममधल्या ज्या मुलांना मी "दुपारनंतर लक्ष नसतं" म्हणून बोलले होते, त्यांची मी माफी मागितली.

तिसरं, यंत्रं. आत येणारं ऊन कमी झालं, म्हणून एसी आधीपेक्षा लहान पुरले. छताचे पंखे परत लावले आणि एसी २६ अंशांवर ठेवला. एक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. म्हणूनच २०२० पासून नवे घरगुती एसी २४ अंशांवरच सुरू होतील असे बनवायचा नियम आहे. हा क्रम आमचा शोध नाही. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ सालची. २००९ साली तिचं नूतनीकरण जाहीर झालं तेव्हा तिच्या ६,५१४ खिडक्यांची जुनी काच टाकून दिली नाही. इमारतीतच एक छोटा कारखाना थाटून त्याच काचांपासून उष्णता अडवणाऱ्या खिडक्या तयार केल्या. गरज कमी झाली म्हणून थंड करणारी अजस्र यंत्रंही नवी मोठी न घेता जुनीच दुरुस्त केली. ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट होतं. आपल्या मुंबईत फोर्टातलं गोदरेज भवन १९७२ सालचं. २०१० साली त्याची वातानुकूलन यंत्रणा, दिवे वगैरे बदलले. त्या खर्चाची भरपाई वीजबचतीतून पाच वर्षांच्या आत होईल असा हिशेब होता.

आणि सिडनीचं उदाहरण सांगते, कारण पाडायचं की ठेवायचं या वादात ते उपयोगी आहे. तिथे १९७६ सालचा एक ऑफिस टॉवर होता. तो न पाडता त्यातल्या तुळया, खांब आणि स्लॅबपैकी ६५ टक्के आणि मधल्या गाभ्यापैकी ९५ टक्के तसेच ठेवून त्यावर नवा क्वे क्वार्टर टॉवर उभा केला. २०२२ साली जागतिक स्थापत्य महोत्सवात तो वर्षातली सर्वोत्तम इमारत ठरला. हे का महत्त्वाचं? जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून येतो. उभ्या इमारतीत तो खर्च होऊन गेलेला असतो. पाडली की तो वाया जातो आणि नवी बांधताना पुन्हा करावा लागतो. नव्या इमारतीच्या गच्चीवर कितीही सोलर पॅनेल लावली, तरी ती पहिली कित्येक वर्षं हे कर्जच फेडत असते.

आता झाडं. इतकं सगळं सांगितल्यावर वाटेल की झाडं नकोतच. उलट. हवा शुद्ध करायच्या नोकरीतून त्यांना मोकळं केलं आणि मगच आमचं त्यांच्याशी जमलं. आता कुंड्या फक्त खिडकीपाशी आहेत, जिथे उजेड आहे तिथे. दोनशेच्या जागी साठ. एसीतून ठिबकणारं पाणी ड्रममध्ये साठवून त्यांना घालतो, चहाचा चोथा गच्चीवरच्या खतात जातो. पाणी घालायचं काम एकाच माणसाचं, पगारी माळीकाकांचं. इतरांनी चहा ओतायचा नाही, अशी पाटी आहे. गच्चीवर कढीपत्ता, अडुळसा, गवती चहा. काकू आता चहात आमचाच गवती चहा टाकतात. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या तीनशे चौरस मीटर गच्चीवर पडतो तो हिशेबानं दोन लाख लिटर. तो आता गटारात न जाता बोअरवेलकडे जातो.

मधुमालती दुसऱ्या वर्षी तिसऱ्या मजल्यापर्यंत आली. संध्याकाळी फुलं पांढरी उमलतात, मग गुलाबी, मग लाल होतात. तिच्यावर शिंजीर यायला लागले. कढीपत्त्यावर फुलपाखराच्या अळ्या झाल्या तेव्हा कुणीतरी औषध फवारूया म्हणालं, आणि आमच्या एका अतिशय अबोल टेस्टरनं, जो मीटिंगमध्येही बोलत नाही, चक्क मेल लिहून विरोध केला. झुडूप अर्धं खाल्लं गेलं. फुलपाखरं झाली. झुडूप पुन्हा फुटलं.

याचा उपयोग काय, असं मालकांनी विचारलं तेव्हा मी त्यांना रॉजर उलरिच यांचा १९८४ सालचा अभ्यास सांगितला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. झाडं खोलीत नव्हती. खिडकीबाहेर होती. ती काही शोषत नव्हती. नुसती दिसत होती, आणि तेवढं पुरलं.

आम्ही त्या इमारतीत अजून आहोत. मावशी आहेत, काकू आहेत. सगळं गोड झालं असं नाही. चौथा मजला एप्रिल-मेमध्ये अजून तापतो. २६ अंशांवरून आठवड्यातून एकदा भांडण होतं. २२ वर ठेवणारे लोक रिमोट लपवतात. सहा महिने वाया गेले आणि दोनशे झाडांपैकी बरीच मेली, ती माझ्या खात्यावर आहेत.

आता आपल्या इमारतीकडे येते.

निमंत्रणाबरोबर आपल्या सगळ्यांना एक पत्रक आलंय. शाळेची जुनी इमारत पाडून तिथे तीन मजली नवी, प्रत्येक वर्गात एसी, आणि त्यासाठी आपण माजी विद्यार्थ्यांनी निधी उभा करायचा. ज्यांनी ते लिहिलं त्यांचं शाळेवर प्रेम आहे, माझ्यापेक्षा जास्त असेल. इथे राहून गळक्या कौलांखाली वर्ग चालवणं म्हणजे काय, हे मला पुण्यात बसून कळत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाची अवस्था मी काल पाहिली. आपल्या वेळेपेक्षा वाईट आहे. प्रयोगशाळेत दिवसा दिवा लावावा लागतो. त्या पैशांची गरज आहे, आणि माझा वाटा मी दिला आहे. पुढे काहीही ठरलं तरी तो परत मागणार नाही.

पण काल संध्याकाळी मी एकटीच व्हरांड्यात बसले होते. पश्चिमेचा व्हरांडा. ऊन फरशीच्या कडेपर्यंत येतं आणि थांबतं, वर्गात येत नाही. आम्ही पुण्यात लोखंडी चौकट उभारून जे मिळवलं ते इथे आधीपासून आहे. वर भिंतीत छताजवळ झरोके आहेत, त्यांतून तापलेली हवा बाहेर जाते. आम्ही भंगार उपसून डक्ट मोकळी केली ती याच कामासाठी. अंगणात चिंच आहे, प्रत्येक वर्गातून दिसते. ती पत्रकातल्या नकाशात नाही. तिथे पार्किंग आहे.

मी पाडू नका असं म्हणत नाही. मला ते सांगायचा अधिकार नाही, कारण मला भिंतींच्या आतलं माहीत नाही. आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. म्हणून माझी विनंती एवढीच: आधी तपासू या. मुंबईत तीस वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. आपली त्याहून कितीतरी जुनी आहे. आपल्या वर्गात तीन सिव्हिल इंजिनियर आहेत, ते समोर बसलेत आणि माझ्याकडे बघायचं टाळतायत. त्यांनी एक चांगला स्ट्रक्चरल सल्लागार गाठावा. त्याची फी मी देते. अहवाल म्हणाला की भिंती धोक्याच्या आहेत, तर एक दिवसही मुलं तिथे बसवू नयेत, आणि नव्या इमारतीसाठी मी पहिली रांगेत उभी राहीन. अहवाल म्हणाला की दुरुस्त होईल, तर आधी स्वच्छतागृह, छप्पर आणि वायरिंग. मग उजेड. मग पंखे. एसीचा विचार त्यानंतर, लागला तर.

आणि ही चर्चा चालू असेल तोवर मोजायला सुरुवात करू. ते तीन मीटर माझ्याकडे पडून आहेत. शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात मी येते. एक दहावीच्या वर्गात, एक प्रयोगशाळेत, एक व्हरांड्यात लावू. नोंदी नववीची मुलं ठेवतील. बाई, तुम्ही सांगितलंत तर समीकरण जुळल्याशिवाय ती पुढे जाणार नाहीत, ही खात्री मला आहे. वर्षभराच्या नोंदी हातात आल्या की मग आपण सगळे पुन्हा बसू आणि ठरवू.

मीटर उंच लावावे लागतात. शिडी धरायला दोघं हवेत. सभा संपल्यावर ज्यांना जमेल त्यांनी मला येऊन नाव सांगा.